झेंडूचा हार दिसेनासा झाला तिथून पुढे: बहरीनहून बीचच्या रानात

“अगो मीरा, झाडां बघायला कोण विमानान जातां काय?”

जोहराभाभी दारात उभी राहून विचारत होती. तिच्या हातात आमच्या केतकीचं दप्तर, माझ्या हातात दोन जाडे स्वेटर, आणि बॅग काही केल्या बंद होत नव्हती. प्रश्न रास्त होता. बहरीनमधून लोक लंडनला जात ते खरेदीला, नाहीतर ऑपरेशनला. आम्ही निघालो होतो पानगळ बघायला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, आखाती युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची. मनामाच्या झिंज भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो: मी, माझा नवरा श्रीरंग आणि नऊ वर्षांची केतकी. श्रीरंग अ‍ॅल्युमिनियमच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता. जोहराभाभी आमच्या वरच्या मजल्यावरची, मूळची राजापूरची. तिच्या यजमानांचं बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत कापडाचं दुकान होतं. तिची मुलं आणि केतकी एकाच शाळेत, एकाच बसमध्ये. त्यामुळे आम्ही नसताना केतकी कुठे राहणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

आता जायचं कारण सांगते. त्या वर्षी मार्चमध्ये श्रीरंगला कारखान्यात हार्ट अटॅक आला. मुंबईला बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले, रोज चाला, बाकी तुम्हाला काही झालेलं नाही. इथेच घोडं अडलं. एक तर बहरीनचा उन्हाळा. ऑगस्टमध्ये नळाचं पाणी हाताला चटका देतं, रात्रीसुद्धा हवा दमट आणि जड. त्यात माणूस चालणार कुठे? पण खरं कारण ऊन नव्हतं. खरं कारण भीती. श्रीरंगची उजव्या हाताची दोन बोटं सतत डाव्या मनगटावर असायची. जेवताना, टीव्ही बघताना, केतकीचा अभ्यास घेताना नाडी मोजणं चालू. समुद्राकाठच्या रस्त्यावर मी त्याला दोन-तीनदा ओढून नेलं, तर त्याने एक नियमच करून टाकला: गाडी दिसली पाहिजे. गाडी नजरेआड झाली की पाय थांबायचे. काही झालंच तर गाडीपर्यंत पोचता आलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं. मी त्याच्याशी भांडले, त्याची चेष्टा केली, डॉक्टरांना फोन लावून दिला. कशाचाच उपयोग झाला नाही.

आणि वर टांगती तलवार होती. नोव्हेंबरमध्ये कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल, त्याआधी कंपनीची मेडिकल, आणि त्यात या वर्षी ट्रेडमिल टेस्ट. पट्ट्यावर चालायचं, पट्ट्याचा वेग वाढत जाणार, चढ वाढत जाणार. मध्येच थांबला तर अनफिट. अनफिट म्हणजे व्हिसा नाही, आणि आठ वर्षांचं घर महिन्याभरात खोक्यांत भरून परत. श्रीरंगला चाचणीत दम लागणार नाही हे मला ठाऊक होतं. तो घाबरून थांबणार, हेही ठाऊक होतं.

अशात शैलाताईंचं पत्र आलं. शैलाताई म्हणजे श्रीरंगची थोरली बहीण. लंडनच्या वायव्येला हाय विकम गावात वीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी एक फोटो पाठवला होता: उंच, गुळगुळीत खोडांची झाडं, वर तांब्याच्या रंगाचं छत, खाली तसाच गालिचा. मागे लिहिलं होतं, ‘ही बीचची झाडं. माझ्या घरामागेच आहेत. श्रीला घेऊन ये.’ मी फोटो फ्रीजवर लावला. जोहराभाभीने ‘बीच’ ऐकून “इथं काय दर्या कमी आहे?” असंही विचारून घेतलं. पण केतकी फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या इंग्रजी पुस्तकात दरवर्षी ‘ऑटम’चा धडा असायचा, आणि बहरीनच्या वर्गात बसून पोरं न पाहिलेली लाल पानं रंगवायची.

“आई, चॉकलेट्स नकोत,” असं म्हणून लगेच ती तिच्या भाषेवर गेली. “ब्रिंग मी रिअल ऑटम लीव्ह्ज. अ लॉट.”

तेव्हा मी तिकिटं काढली. पुढच्या उन्हाळ्यात घरी जायचं तिकीट त्यात गेलं, पण मी मागे हटले नाही. मनामाच्याच हूरा भागातल्या एका दुकानातून श्रीरंगला चालायचे बूट घेतले. तो म्हणाला, “एवढे दणकट कशाला? मला काय एव्हरेस्ट चढायचाय?” मी म्हटलं, “गाडीपासून गाडीपर्यंत चालायला घेतेय.” तो हसला नाही.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: बहरीनहून रात्रीचं विमान घ्या, म्हणजे भल्या पहाटे लंडनला उतरता येतं आणि दिवस वाया जात नाही. हीथ्रोहून हाय विकमला गाडीने तास लागत नाही. कुणी न्यायला येणार नसेल तर लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून थेट आगगाडी आहे. जंगलात जायला तिकीट लागत नाही, गाडी लावायला बहुतेक ठिकाणी तेव्हा पैसे पडत नव्हते. पैसे लागतात ते चहाला. इंग्लंडात चहा आपल्या खिशाला नेहमीच झोंबतो, म्हणून थर्मास न्यावा.

शैलाताई विमानतळावर आल्या होत्या. भावाला त्यांनी आधी मिठी मारली, मग त्याचं मनगट धरलं. मला वाटलं, झालं, आता दोघं मिळून नाडी मोजणार! पण त्यांनी नुसतंच हात दाबून सोडून दिला. “थंडी वाजतेय ना? यल्ला, चला,” म्हणाल्या. आमच्या फोनवर ऐकून ऐकून हा एक अरबी शब्द त्यांनी पैदा केला होता.

पहिल्या दुपारी घरामागच्या रानात गेलो. मी प्रामाणिकपणे सांगते, मला काही दिसलं नाही. म्हणजे झाडं दिसली, भरपूर दिसली, पण सगळी झाडं ती झाडंच. आठ वर्षं वाळवंटात राहून मान वर करायची सवयच गेली होती. थंडीने नाक लाल झालं होतं आणि माझं सगळं लक्ष श्रीरंगकडे. तो रानाच्या कडेला, जिथून शैलाताईंची निळी गाडी दिसत होती, तिथपर्यंत गेला आणि थांबला. तिथेच एका खोडाला हात लावून उभा राहिला. मग त्याने बोटाच्या पेराने खोडावर ठकठक केलं. पुन्हा जरा वर केलं. पुन्हा बाजूला.

“काय करतोयस?”

“अगं, एक तडा नाही.” तो खोडाभोवती फिरला. “एवढा उंच कॉलम, आणि सालीला एक तडा नाही. आंब्याची साल बघ, वडाची बघ. हे काय, कुणी गिलावा करून वर घोटाई केल्यासारखं.”

मला फार हसू आलं. कारखान्यात माणूस दिवसभर भेगा शोधत हिंडतो, तो इथेही भेगाच शोधणार. पण नंतर लक्षात आलं, खोडाला फेरी मारून येईपर्यंत त्याची दोन बोटं मनगटावर नव्हती.

तिथून त्याला नाद लागला. दुसऱ्या दिवशी न्याहारीलाच त्याने शैलाताईंना धारेवर धरलं. हे झाड कशाला वापरतात? तर खुर्च्यांना. हे गाव खुर्च्यांसाठीच प्रसिद्ध होतं. पूर्वी कारागीर रानातच मुक्काम ठोकून बीचच्या लाकडाचे खुर्चीचे पाय कातून काढायचे. “तू बसलायस तीही बीचचीच असेल,” शैलाताई म्हणाल्या. झालं! श्रीरंगने खुर्ची उलटी करून तिचे सांधे तपासले. चहा निवून गेला.

त्या दिवशी बर्नहॅमच्या प्रसिद्ध रानात गेलो. तिथले बीच शेकडो वर्षांचे, बुटके आणि बेढब. पूर्वी लोक सरपणासाठी त्यांचे शेंडे छाटत, म्हणून बुंधे फुगून गाठाळले आहेत. काही पोकळ बुंध्यांत माणूस उभा राहील. तिथे गाडी रस्त्याच्या कडेला लावून आम्ही आजूबाजूला फिरत राहिलो, अर्थात गाडी दिसेल अशा बेताने. पण गाडीच्या त्या तुटपुंज्या टापूतही बघण्यासारखं केवढं होतं! बीचचं पान ओकच्या पानासारखं कातरलेलं नसतं, कडेला नुसती हलकी लाट असते. एकाच फांदीवर पिवळं, नारिंगी आणि तपकिरी पान शेजारी शेजारी असतं. खाली काटेरी टरफलं पडतात, चार पाकळ्यांनी उघडलेली, आणि आत तिकोनी बिया. आणि बीचखाली दुसरं काही फारसं उगवत नाही, त्यामुळे रान भरगच्च असूनही मोकळं वाटतं, लांबवर दिसतं. दुपारपर्यंत श्रीरंग ओक कुठला आणि बीच कुठला हे वर न बघता, नुसत्या पायाखालच्या पानांवरून सांगू लागला. मी सांगितलेली तीनही पानं चुकली. त्याने मला चिडवून घेतलं. मला चिडवणारा हा माणूस मार्चपासून घरात नव्हता, आणि तो परत आलेला बघून मला इतकं बरं वाटलं की मी चौथंही मुद्दाम चुकीचं सांगितलं.

मग पाऊस लागला. एक दिवस सगळा घरात गेला. खिडकीतून रान धुरकट दिसत होतं आणि श्रीरंगचं मोजणं पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी तो मला म्हणाला, “फार तर काय होईल, परत जाऊ पुण्याला. काहीतरी मिळेल.” माणूस परीक्षेच्या आधीच नापास झाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शैलाताईंनी माझ्यासमोर पीठ ठेवलं. “उद्या दसरा आहे. पुऱ्या लाटायला घे,” म्हणाल्या.

त्या वर्षी दसरा ऑक्टोबर सरताना आला होता, आणि रविवारी. शैलाताईंच्या बागेत झेंडू अजून फुललेला होता. सकाळी आम्ही दोघींनी त्याचा हार ओवला. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची आणि वाहनाची पूजा होते, मग इंग्लंडातली गाडी झाली म्हणून तिला का वगळायची? निळ्या गाडीला हळदकुंकू लावलं, पुढे हार बांधला, नारळ शैलाताईंनी दोन दिवस आधी बंगाली दुकानातून आणला होता तो फाटकाशी फोडला. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन निघाले होते. त्यांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे का?

“नो, इट्स द कार्स बर्थडे,” शैलाताई म्हणाल्या. त्या गृहस्थांनी टोपी काढून गाडीला अभिवादन केलं आणि पुढे गेले.

बेत सोपा होता. चिल्टर्नच्या टेकड्यांमध्ये एका चढाच्या पायथ्याशी चहाचं दुकान आहे. गाडी तिथे लावायची, दुकान उघडेल तेव्हा चहा घ्यायचा, पायथ्याच्या सपाट वाटेने थोडं चालायचं, गाडीत बसून श्रीखंड-पुरी खायची आणि घरी. श्रीरंगला झेपेल असा, अगदी त्याच्या नियमात बसवलेला बेत.

पोचलो तर दुकान बंद. पाटीवरची वेळ टळून गेली होती, तरी दाराला कुलूप, आत अंधार. आवारात आमची एकच गाडी. “रविवारचे आळशी लोक,” मी करवादले. गाडीत बसून पाय गारठायला लागले. श्रीरंग खाली उतरला. “जरा पाय मोकळे करतो. इथेच आहे,” म्हणाला आणि समोरच्या वाटेला लागला. सपाट वाट डावीकडे होती. समोरची वाट चढाची होती.

मी लगेच दार उघडलं. शैलाताईंनी माझा हात धरला.

“जाऊ दे त्याला.”

“अहो ताई, चढ आहे तो!”

“माहितेय. मी तीन वेळा चढलेय. मीरा, मी नर्स आहे. त्याचे सगळे कागद मी बघितलेत. त्याच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. तू मागे असलीस की तो मागे वळून बघतो.”

हे लागलं मला. राग आला. मग लक्षात आलं की श्रीरंगची दोन बोटं त्याच्या मनगटावर होती, आणि माझे दोन्ही डोळे श्रीरंगवर. मार्चपासून मी त्याला एक क्षण नजरेआड होऊ दिलं नव्हतं. गाडीचा नियम त्याचा, पण माझा तरी काय वेगळा होता?

आम्ही खाली उभ्या राहून बघत होतो. तो चालला, थांबला, वळून गाडीकडे बघितलं. निळी गाडी सकाळच्या धुक्यात मळकट दिसत असणार, पण झेंडूचा हार लखलखत होता. तो पुन्हा चालला. पुन्हा वळला. हात केला. पुन्हा चालला. आता धुकं विरलं होतं आणि टेकडीच्या वरच्या अंगाला ऊन आलं. ऊन आलं आणि अख्खं रान पेटलं. खालून वरपर्यंत सगळं झेंडूच्या रंगाचं. तो पुन्हा वळला, आणि मला खालून दिसलं की तो शोधतोय. इकडे बघतोय, तिकडे बघतोय. त्या सगळ्या नारिंगी पसाऱ्यात आमचा हातभर हार त्याला सापडेना.

आता तो खाली येणार, असं मला वाटलं. तो तसाच उभा राहिला. मग त्याने शेजारच्या बीचच्या खोडावर हात ठेवला, मान वर करून शेंड्यापर्यंत बघितलं, आणि वळून वर चालू लागला. वाट उजवीकडे वळत होती. त्या वळणावर तो दिसेनासा झाला.

“सीमोल्लंघन,” शैलाताई म्हणाल्या. दसऱ्याला गावाची वेस ओलांडायची, ही आपली रीत. लहानपणी मी वडिलांबरोबर शिवेपर्यंत जाऊन यायची, पण वेस ओलांडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग मात्र आम्हा दोघींना धीर धरवेना. डबा घेतला आणि निघालो. या वाटेबद्दल एक सूचना: ओली पानं साबणासारखी घसरतात, आणि पानांखालची जमीन खडूची, पांढरी, पायाला चिकटणारी. चांगले बूट हवेतच. माझ्या पायात बहरीनचे कॅनव्हासचे बूट होते, मी दोनदा बसले. पण चढ फार अवघड नाही. आणि थांबत थांबत जावं, कारण चालताना कळत नाही तितकी ती शांतता थांबल्यावर कळते. मी एकदा दम खायला थांबले आणि पहिल्यांदाच त्या रानात नुसती उभी राहिले, कुणावर लक्ष न ठेवता. वारा नव्हता. तरी पानं पडत होती, एक एक, आपापल्या वेळेने, खालच्या पानांवर टेकताना बारीक आवाज करत. वरून गाळून आलेलं ऊन माझ्या हातांवर पडलं होतं. मी शैलाताईंना म्हटलं, “थोडं थांबू या का?” त्या म्हणाल्या, “थांब हवं तेवढं.”

वर पोचलो तर रान संपून एकदम मोकळं आकाश, खाली हिरवी शेतं, आणि आडव्या पडलेल्या एका बीचच्या बुंध्यावर राजासारखा बसलेला आमचा श्रीरंग. गाल लाल, केसांत पानाचा तुकडा. त्याने रुमालात पानं गोळा करून ठेवली होती, निवडून निवडून, डाग नसलेली. त्यातलं एक त्याने माझ्या हातात ठेवलं.

“सोनं घे.”

आपट्याच्या पानाशी त्याचं काही साम्य नव्हतं. बहरीनला तर दसऱ्याला आपट्याचं पानही मिळायचं नाही, आम्ही तिथल्या मराठी मंडळात कागदाची पानं कापून वाटायचो. मी ते बीचचं पान कपाळाला लावलं आणि रडले, अगदी मोठ्याने. शैलाताईही रडल्या. श्रीरंग गोंधळून म्हणाला, “अरे, सणाच्या दिवशी काय हे? मी तर मजेत आलो. हार दिसेना तेव्हा एकदा वाटलं, आता परत फिरावं. पण पुढचं झाड इतकं सरळ होतं, म्हटलं एवढं बघू आणि जाऊ. मग त्याच्या पुढचं. मागे बघायचं राहूनच गेलं.”

त्या बुंध्यावर बसून आम्ही श्रीखंड-पुरी खाल्ली. अशी पुरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

खाली आलो तर चहाचं दुकान नुकतंच उघडत होतं. मालकीणबाई म्हणाल्या, आज तुम्ही पहिलेच. श्रीरंगने घड्याळ पुढे केलं, ही काय उघडायची वेळ झाली? त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. आदल्या रात्री सगळ्या इंग्लंडाने घड्याळं एक तास मागे केली होती. दर वर्षी ऑक्टोबरात करतात. वीस वर्षं तिथे काढलेल्या शैलाताई दसऱ्याच्या गडबडीत ते साफ विसरल्या होत्या. आम्ही तिघं इतके हसलो की बाईंनी चहाबरोबर केक तसाच, पैसे न घेता ठेवला. तो एक तास आम्हाला इंग्लंडने फुकट दिला होता, आणि त्यातच सगळं घडलं. तुम्ही गेलात तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घड्याळाकडे लक्ष द्या, किंवा नका देऊ.

उरलेले दिवस श्रीरंग रोज रानात गेला, कधी आमच्याबरोबर, कधी एकटा. गाडी तर घरीच असायची.

परतीला बहरीनच्या मुहर्रक विमानतळावर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने आमची बॅग उघडायला लावली. एका पिशवीत नुसती पानं. त्याने पिशवीत हात घातला, मूठभर पानं वर काढली आणि आमच्याकडे बघितलं.

“शिनू हादा?” हे काय आहे?

“फॉर माय डॉटर,” श्रीरंग म्हणाला. “शी नेव्हर सॉ ऑटम.”

अधिकाऱ्याने पान दिव्यासमोर धरलं आणि हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, “हमारा घर में लोज है. बदाम. विंटर में पूरा लाल होता, नीचे गिरता. मेरा मदर रोज झाडू मारता, रोज गुस्सा करता. लंडन जाने का मफी जरूरत.” मफी म्हणजे नाही. आणि पानं सांभाळून परत ठेवून बॅग बंद केली.

केतकीने ती पानं जोहराभाभीच्या दिवाणखान्यात जमिनीवर पसरली आणि भाभीच्या मुलांसकट त्यावर लोळली. जोहराभाभीला श्रीरंगने वाकून सोनं दिलं. तिने पान उलटसुलट करून बघितलं, “सुरेख हाय हो,” म्हणाली आणि जपून कपाटात ठेवलं. झाडं बघायला कोण विमानाने जातं, हे तिने परत विचारलं नाही.

मी मात्र त्या अधिकाऱ्याचं बोलणं विसरले नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी हवा जरा निवल्यावर आम्ही दोघं चालत निघालो. झिंजमध्ये! कोल्ड स्टोअरला, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, जायचं तरी गाडी काढणारे आम्ही. आमच्या इमारतीपासून चौथ्या घराच्या भिंतीवरून बदाम बाहेर आला होता, चांगला दुमजली उंच, आणि त्याच्या हिरव्या पसाऱ्यात चार-दोन पानं लालभडक. आठ वर्षं त्याच्यावरून गाडीच्या काचा लावून, एसीत बसून गेलो होतो. श्रीरंग भिंतीशी थांबला. खाली पडलेलं एक पान उचलून म्हणाला, “हे आपल्याकडचंच की गं. शाळेच्या मैदानात होतं.” त्या घराचं दार उघडून एक बहरीनी आजी बाहेर आल्या, हातात खराटा. आमच्याकडे, मग त्या पानाकडे बघून त्यांनी हात जोडल्यासारखं केलं. घेऊन जा, सगळी घेऊन जा, असंच त्यांचं म्हणणं असावं. जानेवारीपर्यंत ते झाड पूर्ण लाल झालं. पुढच्या दसऱ्याला मंडळात कागद कापावे लागले नाहीत.

आणि ट्रेडमिल. मी बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं, पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. घरघर वाढली, अजून वाढली. मी डोळे मिटून बसले. मग आतून केरळी टेक्निशियनचा आवाज आला, “खलास, सर! फिनिश! सर, खलास!” मी धावत आत गेले. श्रीरंग डोळे मिटून चालतच होता. टेक्निशियन यंत्राचं बटण दाबून हसत उभा होता. चाचणी कधीच पुरी झाली होती.

श्रीरंगने डोळे उघडले. घामाने निथळत होता. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, “हार कधीच दिसेनासा झाला होता.”

कॉन्ट्रॅक्ट मिळालं. बहरीनमध्ये आम्ही आणखी अकरा वर्षं राहिलो. ते बीचचं पान केतकीच्या घरी काचेखाली आहे, आता पार तपकिरी. इंग्लंडला पुन्हा जायला जमलं नाही, शैलाताईही आता नाहीत. पण कुणी विचारलं, त्या खर्चात काय मिळालं, तर मी सांगते, नवरा मिळाला, आणि थोडी मीही मिळाले.

परवा सकाळी पुण्यात टेकडीवर फिरायला गेलो होतो. श्रीरंग सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून मी मागे असते. वरच्या वळणावर तो दिसेनासा झाला. मी हाक मारली नाही. जवळच्या झाडाला हात लावून जरा उभी राहिले, आणि मग माझ्या चालीने चढू लागले.